पांथरीच्या पहाऱ्याचा मागोवा

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. अभियानाची चर्चा मात्र तपासण्यांच्या आणि निकालाच्या कार्डांच्या संख्येभोवतीच फिरते. चढवलेल्या रक्ताचे रुग्णाच्या शरीरात पुढे काय होते, हा प्रश्न मागे पडतो.

चढवलेल्या रक्ताविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवू शकते. पेशीला चिकटून तिच्यावर 'परकी' अशी खूण करणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. ते ओळखणारी कूम्ब्स चाचणी १९४५ साली आली. त्यानंतरची पंचवीसेक वर्षे, अशा खूण झालेल्या पेशी नष्ट होऊ लागल्यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे प्रतिपिंडांची निर्मिती थांबते, एवढ्या ढोबळ समजुतीवर बरेचसे निभावले.

उलगडा झाला तो १९७० च्या दशकात. अमेरिकेत बेथेस्डा येथे फ्रँक, अ‍ॅटकिन्सन आणि श्रायबर यांनी प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या तांबड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली, त्या गिनीपिगच्या शिरेत सोडल्या आणि किती वेळात किती उरतात ते मोजले. आयजीजी या प्रतिपिंडाने माखलेल्या पेशी मुख्यतः पांथरीत, म्हणजे प्लीहेत, अडकत. तेथील भक्षकपेशी त्यांच्या आवरणाचे लचके तोडत आणि उरलेली गोलसर पेशी अरुंद फटीतून पार होत नसे. कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलेल्या प्राण्यांत मात्र लेप तसाच असूनही पेशी अधिक काळ फिरत राहिल्या. औषधाने खूण पुसली नव्हती, पहारेकऱ्याला सुस्त केले होते. लेप जाड असला की तेही तोकडे पडे. कूम्ब्स चाचणी होकारार्थी असतानाही हिमोग्लोबिन का वाढू शकते, ते यावरून कळते. तरीही सावकाश निर्मिती घटवणारे अ‍ॅझाथायोप्रिन आणि पहारा सैल करणारे स्टेरॉइड यांना 'प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे' या एकाच गोणीत कोंबण्याची सवय सुटली नाही.

हा पहारा मुख्यतः पांथरीत असल्याने सिकलसेलमध्ये पांथरीची अवस्था महत्त्वाची ठरते. आफ्रिकी वंशाच्या सिकलसेल रुग्णांत पांथरी बहुधा बालपणीच आक्रसते. भारतातील आदिवासी रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकत असल्याने ती अनेकदा तारुण्यातही डाव्या बरगडीखाली हाताला लागते. परदेशी पाठ्यपुस्तकातले चित्र नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या रुग्णाला जसेच्या तसे लागू पडत नाही, ते यामुळे. शिवाय स्टेरॉइड थांबवताच वेदनेचा झटका उलटण्याची आणि दबलेला क्षयरोग डोके वर काढण्याची भीती असते. म्हणून एबीओ व आरएच-डीपलीकडचे रक्तगट जुळवणे आणि रक्त देण्यापूर्वी प्रतिपिंडे शोधणे हाच शहाणपणाचा मार्ग. अन्यथा रक्त दिल्यावर आठवड्याभराने, चढवलेल्या पेशी प्रतिपिंडांमुळे नष्ट होऊन, पाड्यावर परतलेल्या रुग्णाची लघवी गडद होते, त्याला सिकलसेलचाच झटका मानले जाते, आणि तोवर त्याचे कार्ड मोजून झालेले असते.