नऊ वर्षांनी धाकटा गुरू

१९७४ साली वेन शॉर्टरला कुणाकडून काही शिकायची गरज आहे, असं जॅझच्या जगात कुणी म्हटलं नसतं. आर्ट ब्लेकीच्या ‘जॅझ मेसेंजर्स’मध्ये त्याची उमेदवारी झाली होती. माइल्स डेव्हिसच्या संचात त्याने सॅक्सोफोन तर गाजवलाच, शिवाय ‘नेफर्टिटी’सारख्या रचनाही दिल्या. जो झाविनूलबरोबर काढलेला ‘वेदर रिपोर्ट’ हा बँड जोरात होता. वय ४१. त्या सप्टेंबरात आपल्या नावावर निघणाऱ्या अल्बमसाठी त्याने ३१ वर्षांच्या एका ब्राझिलियन गायकाला बोलावलं, नऊपैकी पाच रचना त्याच्याच घेतल्या आणि मुखपृष्ठावर स्वतःच्या नावाबरोबर त्याचंही नाव छापलं. गायकाचं नाव मिल्टन नासिमेंटो, अल्बमचं ‘नेटिव्ह डान्सर’.

यात एवढं विशेष काय, हे कळायला बारा वर्षं मागे जावं लागतं. गिटारवादक चार्ली बर्ड १९६१ मध्ये अमेरिकी सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यावर ब्राझीलला गेला आणि बोसा नोव्हा ही तिथली संगीतशैली ऐकून भारावून परतला. फेब्रुवारी १९६२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात त्याने सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर ‘जॅझ सांबा’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. पुढच्या वर्षी तो अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. संगीत ब्राझीलचं, पण वाजवणाऱ्यांत एकही ब्राझिलियन नव्हता. पुढे ‘गेट्झ/जिल्बर्टो’ या अल्बममध्ये खुद्द ब्राझीलचे गायक-गिटारवादक जुआंव जिल्बर्टो आणि संगीतकार जोबिम आले, ही चूक बऱ्यापैकी सुधारली. तरी ‘द गर्ल फ्रॉम इपनेमा’ घराघरांत नेणाऱ्या गायिका अस्त्रुद जिल्बर्टोचं नाव मूळ मुखपृष्ठावर नव्हतंच. गेट्झच्या सुरांचं लावण्य मला मान्य आहे. पण आपण कुणाकडून घेतलं हे ठळकपणे सांगायची रीत तेव्हा रुळली नव्हती, आणि त्याची किंमत ब्राझीलच्या कलावंतांनी मोजली.

शॉर्टरही आधी दुरूनच शिकत होता. १९६९ च्या ‘सुपर नोव्हा’त त्याने जोबिमचं ‘दिंदी’ घेतलं, तालवाद्यांवर ब्राझीलचा आयर्तो मोरेरा होता. घरात पोर्तुगीज पत्नी आना मारिया होती, तिच्यामुळे ती भाषा आणि ते संगीत रोज त्याच्या कानावर पडत होतं. मिल्टनचा आवाज मात्र बोसा नोव्हापेक्षा वेगळ्याच मुलखातला होता. बोसा नोव्हा रिओच्या किनाऱ्यावरची. जुआंव जिल्बर्टोचा अंगठा गिटारवर सांबातल्या मोठ्या ढोलाचा ठोका धरतो, बाकीची बोटं छोट्या तांबोरीमची उलटसुलट बोली बोलतात, आणि गाणं कुजबुजल्यासारखं वर तरंगत राहतं. मिल्टन जन्मला रिओतच, पण वाढला मिनास जेराइस या डोंगराळ प्रांतातल्या त्रेस पोंतास गावी. तिथल्या चर्चमधलं सामूहिक गायन, लोकगीतं आणि बीटल्स हे सगळं त्याच्यात मुरलं होतं. १९७३ मध्ये लष्करी राजवटीच्या सेन्सॉरने ‘मिलाग्रे दोस पेइशेस’ या अल्बममधल्या अनेक गाण्यांचे शब्द कापले. मिल्टनने चाली सोडल्या नाहीत, शब्दांवाचून गायल्या. हुंकार, आलाप, किंकाळी. ‘माशांचा चमत्कार’ अशा अर्थाचं त्यातलं शीर्षकगीत वर्षभराने शॉर्टरच्या अल्बममध्ये आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. सॅक्सोफोनकडेही शब्द नसतातच.

‘नेटिव्ह डान्सर’चं पहिलं गाणं ‘पोंता दे आरेया’. मिनासला अटलांटिकच्या किनाऱ्याशी जोडणारा रेल्वेमार्ग १९६६ मध्ये बंद पडला. त्या मार्गाच्या समुद्राकडच्या टोकाचं हे नाव. गीत फेर्नांदो ब्रांतचं, चाल मिल्टनची. चाल नऊच्या आवर्तनाची आहे. आपल्याकडे नऊ मात्रांचा मत्तताल आहे, पण तबल्याची सवय असलेला कानही इथे पहिल्यांदा गडबडतो, कारण सुरावट अंगाईइतकी साधी आणि समेची जागा मात्र दर खेपेला वाटते त्याच्या जरा पुढे. अल्बम शॉर्टरचा, पण पहिला सूर मिल्टनचा, तोही त्या उंच, पातळ फॉल्सेटोत. सोप्रानो सॅक्सोफोन मागाहून येतो. दोघांची पट्टी इतकी जवळची की काही ठिकाणी गळा कुठला आणि नळी कुठली, हे क्षणभर उमगत नाही.

शॉर्टरने मिल्टनला एकट्याला बोलावलं नाही, हेही तेवढंच महत्त्वाचं. त्याच्याच गावात वाढलेला पियानोवादक वाग्नेर तिसो आणि ड्रमर रोबेर्तिन्यो सिल्वा बरोबर आले. अमेरिकेच्या बाजूने हर्बी हॅनकॉक होता, तोही अनोळखी नव्हे. मिल्टनच्या ‘करेज’ या अल्बममध्ये त्याने आधीच पियानो वाजवला होता. म्हणजे गाण्याला त्याची माणसं मिळाली, त्याचा ठेका मिळाला. पाहुण्याला परक्या साथीवर गायला लावलं की त्याच्या गाण्याचा फक्त रंग उरतो. इथे तसं झालं नाही. अल्बममध्ये शॉर्टरच्या स्वतःच्या तीनच रचना आहेत, त्यांतली एक ‘आना मारिया’.

या औदार्याने शॉर्टरचं काही कमी झालं नाही. पुढची माणसं मात्र याच वाटेने मिल्टनपर्यंत पोहोचली. ‘अर्थ, विंड अँड फायर’ या बँडने १९७७ च्या ‘ऑल ’एन ऑल’ अल्बममध्ये ‘पोंता दे आरेया’ची सुरावट घेतली. बेसवादक-गायिका एस्पेरांझा स्पॉल्डिंगच्या २००८ च्या अल्बमची सुरुवातही याच गाण्याने होते. शॉर्टर २ मार्च २०२३ रोजी गेला. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, मिल्टनने बेलो ओरिझोंचीत मैफलींचा निरोप घेतला होता. तरी २०२४ मध्ये ‘मिल्टन + एस्पेरांझा’ हा अल्बम आला, मुखपृष्ठावर पुन्हा दोन नावं.

नव्याने ऐकणाऱ्याने आधी ‘जॅझ सांबा’तलं ‘देसाफिनादो’ ऐकावं, मग जुआंव जिल्बर्टोच्या आवाजातलं तेच गाणं, आणि त्यानंतर ‘नेटिव्ह डान्सर’ पहिल्यापासून. पहिल्या फेरीत मात्रा मोजू नयेत.