वस्तीचा जागल्या कोण?



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या गटवार बैठकांत तोडणीचा कार्यक्रम, वाहतूक, उसाचा भाव अशी बोलणी निघतात. ती निघायलाच हवीत. पण ऊस ज्याच्या जिवावर उभा राहतो तो माणूस, त्याचे घर, गोठा, विहिरीवरची मोटार आणि त्याची रात्रीची झोप याविषयी आपण एकत्र बसून क्वचितच बोलतो. कुणाची केबल गेली, कुणाच्या दाराचे कुलूप तुटले, की दोन दिवस पारावर चर्चा होते. तिसऱ्या दिवशी जो तो आपल्या पाण्याच्या पाळीवर. म्हणून या अंकात हाच विषय जरा सविस्तर मांडावा असे आम्हांला वाटले.

गाव पांढरीतून काळीत गेले

आपल्या जुन्या माणसांनी गावाचे दोन भाग मानले होते. वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. माणसे पांढरीत दाटीने राहत. घराला घर लागलेले, भोवती गावकूस, वेशीला दरवाजा. रात्री एकाने हाक मारली तर दहा घरांना ऐकू जाई. काळीत रात्री राहायचे ते सुगीपुरते, माळ्यावर राखण करायला.

मग पाणी आले. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले, मुठेचा कालवा पुण्याच्या पूर्वेकडे उतरला. पुढे विहिरींवर इंजिने बसली, मोटारी बसल्या, नदीवरून पाइपलाइनी गेल्या. ऊस हे काही चार महिन्यांचे पीक नव्हे. बारा-चौदा महिने, आडसाली असेल तर त्याहूनही जास्त, ते डोळ्यांसमोर लागते. शेतीची वीज पाळीने मिळते, तीही कित्येकदा रात्रीची. रोज गावातून ये-जा करण्यापेक्षा रानातच घर बांधलेले बरे, असा हिशेब घरोघर झाला. हळूहळू मळ्यामळ्यांवर वस्त्या झाल्या.

हिशेब बरोबरच होता. पण एक गोष्ट त्यात धरली गेली नाही. आपली मालमत्ता काळीत गेली, राखण मात्र पांढरीतच राहिली. ट्रॅक्टर, मोटार, स्टार्टर, ठिबकचा संच, दुभती जनावरे, लेकीच्या लग्नाचे दागिने हे सारे आज वस्तीवर आहे. देऊळ, चावडी, पार आणि चार जागी माणसे गावठाणात आहेत. दोन वस्त्यांच्या मध्ये आठ-दहा फूट उंचीचा ऊस उभा. त्यातून हाक जात नाही, दिवा दिसत नाही. चोराला हे कळते, बिबट्यालाही कळते. कळत नाही ते आपल्यालाच.

जुनी राखण कशी होती

पेशवाईच्या अखेरीस गावोगावी राखणीची व्यवस्था ठरलेली होती. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात तिची माहिती मिळते. रात्रीच्या पहाऱ्याला गावचा राखणदार असे. आपल्या भागात हे काम पुष्कळ ठिकाणी रामोशांकडे होते. चोरी झाली तर त्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला तर पुढची जबाबदारी त्या गावाची. माग शिवेबाहेर नेता आला नाही तर मात्र नुकसानीचा जाब त्याला द्यावा लागे. राखण करणाऱ्यावर उत्तरदायित्व होते, हे यातले मर्म.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची गरज नाही. ती जन्माने बांधलेली होती. एका जातीने जागायचे आणि बाकीच्यांनी झोपायचे, असा तो करार होता. इंग्रजी अमलात रामोशांचे हक्क आणि वतने गेली, पोट उघडे पडले, आणि पुरंदरच्या भिवडीचे उमाजी नाईक बंड करून उठले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिले गेले. ज्यांनी गडाची आणि गावाची राखण केली त्यांच्यावरच ही वेळ आली. राखणदाराला त्याच्या कामाचा हक्क आणि मान दिला नाही की काय होते, ते पुणे जिल्ह्याने असे पाहिले आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची पाटीलकी गेली. हे योग्यच झाले. १९६७ साली महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम झाला आणि पोलीस पाटील नेमणुकीने येऊ लागला. गावातल्या गुन्ह्याची, संशयास्पद मृत्यूची खबर वर द्यायची, गुन्हा टाळण्यासाठी झटायचे, हे त्याचे काम. पण विचार करा, एक पोलीस पाटील, तुटपुंजे मानधन आणि मैल-दीड मैल पसरलेल्या पन्नास वस्त्या. तो एकटा कुठे कुठे पुरणार?

खबर वेळेत पोचली तर

चोर-दरोडेखोर एवढाच सुरक्षेचा विषय नाही. आपल्या पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा पूर पाहिला. सकाळी पानशेतचे अपुरे धरण फुटले, दुपारी खडकवासला फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतली घरे वाहून गेली, कोसळली. पाणी अंगणात आले तेव्हाच अनेकांना संकट कळले. ज्यांना जरा आधी कुणी सांगितले ते पोरेबाळे घेऊन उंचावर गेले. पुढे पूरग्रस्तांनी सहकारी गृहरचना संस्था उभ्या केल्या आणि सहकारनगर हे नावच पुण्याच्या नकाशावर आले. उभे राहायला सहकार उपयोगी पडला. खबर पोचवायलाही तोच उपयोगी पडला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

जावाचा ऊस आणि जावाची गस्त

जुन्या बागायतदारांना ‘पीओजे २८७८’ हे नाव ठाऊक असेल. इंडोनेशियातल्या जावा बेटावर पासुरुआनच्या संशोधन केंद्रात १९२१ साली तयार झालेली ही उसाची जात. दख्खनच्या कालव्यांवर ती लागली. पुढे घराघरांत पोचलेला ‘को ४१९’ हा तिच्याच पोटचा. त्या बेटावरून आपण बेणे घेतले. तिथल्या खेड्यांची एक रीतही बघण्याजोगी आहे.

जावाच्या खेड्यात आळीच्या तोंडाशी गस्तीची छोटी चौकी असते. तिथे लाकडाचा नाहीतर बांबूचा एक पोकळ, चीर पाडलेला ठोकळा टांगलेला असतो. त्याला केंटोंगन म्हणतात. चोर आला तर ठोके वेगळे, आग लागली तर वेगळे, पूर आला तर वेगळे. ऐकणाऱ्याला अंथरुणातच कळते की काठी घ्यायची की बादली. गस्तीला घरटी पुरुषमाणूस पाळीने येतो. त्याहून गमतीची रीत म्हणजे जिम्पितान. काही गावांत प्रत्येक घराच्या दाराशी एक लहानसे भांडे टांगतात आणि त्यात चिमूटभर तांदूळ ठेवतात. अलीकडे तांदळाऐवजी नाणेही टाकतात. गस्तवाले फिरता फिरता ते गोळा करतात. गावाच्या कामाला थोडा निधी जमतो. शिवाय सकाळी भांडे रिकामे दिसले की घरमालकाला कळते, रात्री आपल्या दारावरून कुणीतरी फिरून गेले.

चिमूटभर तांदूळ, पण त्यात वर्गणीही आली आणि हजेरीही आली. सभासद मंडळींनो, हा आपल्याच पद्धतीचा कारभार आहे. शेअर लहान, पण प्रत्येकाचा.

गावपण गेले की

पुण्याच्या कडेच्या गावांकडे जरा बघा. १९९७ साली कितीतरी गावे महापालिकेत आली, २०१७ मध्ये ११ आली, २०२१ मध्ये आणखी २३. साखर संशोधनामुळे आपल्या सर्वांना माहीत असलेले मांजरी बुद्रुकही त्यांतच. गाव महापालिकेत गेले की ग्रामपंचायत राहत नाही, ग्रामसभा राहत नाही. इमारतींना पगारी पहारेकरी मिळतो. तो फाटक राखतो, आणि त्यात त्याची चूक काही नाही. पण शेजारच्या उसाच्या फडात काय चालले आहे ते बघणे हे त्याचे काम नव्हे. जुन्या मालकाचे घर एका बाजूला, नव्या इमारती दुसऱ्या बाजूला, आणि कुणी कुणाला ओळखत नाही. ज्यांची गावे अजून गाव आहेत त्यांनी यातून धडा घ्यावा. ग्रामसभा हातात आहे तोवर तिचा उपयोग करून घ्यावा.

करायचे काय

पहिली गोष्ट, वस्त्यांचे गट पाडा. शिवेला शीव लागलेली दहा-बारा घरे म्हणजे एक गट. रात्रीची पाण्याची पाळी असतेच. जो पाण्यावर आहे त्याने दोन शेजारी वस्त्यांवर नजर टाकावी. वही ठेवावी, पाळी लिहावी. १९५१ च्या पोलीस कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. पोलीस पाटील आणि ठाण्याला कळवून रीतसर नावे द्यावीत.

दुसरी गोष्ट, खुणेचा आवाज ठरवा. पुणे जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा वापरात आली आहे. तिच्या क्रमांकावर बोललेला निरोप गावात नोंदलेल्या सगळ्या मोबाईलवर एकदम जातो. तीत घरातल्या बायकांचेही क्रमांक नोंदवा, कारण दिवसा वस्तीवर त्याच असतात. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागासाठी १९२६ हे आकडे गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. मोबाईलला रेंज नसेल तर ट्रॅक्टरचा हॉर्न आहेच. चोराला किती, आगीला किती, ते आधी ठरलेले असावे. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

तिसरी गोष्ट, उसाची. फडावर लोंबणाऱ्या तारांची तक्रार हंगामाआधी लेखी द्या. ठिणगी पडली तर एकाचा नव्हे, दहा जणांचा ऊस जातो. ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागे रिफ्लेक्टर लावल्याशिवाय रात्री रस्त्यावर आणू नका. पंधरा-वीस रुपयांची पट्टी न लावल्याने मोटारसायकलवरचा पोर गेला, तर तो आपल्यापैकीच कुणाचा तरी असतो. फड तोडताना बिबट्याची पिल्ले दिसली तर हात लावू नका. काम थांबवून वन विभागाला बोलवा. पिल्ले जागीच असली तर मादी रात्री येऊन ती घेऊन जाते. पिल्ले उचलली तर ती वस्तीभोवती घिरट्या घालते.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या शिवारात सर्वांत उघड्यावर कोण राहते? ऊसतोडणी कामगार. बीड-नगरकडून आलेली ही कुटुंबे पाचटाच्या कोपीत राहतात. दार नाही, दिवा नाही, पहाटेच्या अंधारात लेकरे झोपलेली आणि आईबाप फडात. आपल्या गस्तीच्या वहीत त्यांच्या कोप्या पहिल्या पानावर हव्यात. कोप्यांजवळ एक दिवा आणि फडापासून थोडे मोकळे अंतर, एवढे तरी शेतमालकाने बघावे.

राखणीलाही लगाम हवा

पुण्याच्या इतिहासात एक कोतवाल होऊन गेला, घाशीराम सावळादास. शहराच्या सुरक्षेचे सारे अधिकार त्याच्या हाती. रात्री तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला धरायचे, ही त्या वेळची शिस्त. १७९१ साली कोंडून ठेवलेली वीसच्या वर माणसे गुदमरून मेली. शहर खवळले आणि जमावाने कोतवालाला दगडांनी ठार केले. ज्याला कुणी जाब विचारत नाही त्याची राखण शेवटी कुठे जाते ते हे.

आणि हे फक्त कोतवालाचेच होते असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे पोरे पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी होते, डवरी गोसावी समाजाचे. मोबाईलवरच्या अफवेने गाव जागे झाले होते, पण शुद्धीवर नव्हते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. म्हणून गस्तीचा पहिला नियम असा असावा : अनोळखी माणूस दिसला तर त्याला थांबवा, नाव-गाव विचारा, ठाण्याला फोन करा. हात उचलायचा नाही. जो उचलेल त्याचे नाव वहीतून कमी.

ही सर्व कामे पैशाची नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी मुठीएवढा शेअर घालून आपल्या वाडवडिलांनी कारखाने उभे केले, तेव्हाही पुष्कळांनी मान हलवली होती. रात्री एक तास जागणे त्याहून अवघड नाही. येत्या गटवार बैठकीत प्रत्येक सभासदाने आपल्या शेजारच्या दहा घरांची नावे लिहून आणावीत, शेवटी तोडणी कामगारांच्या टोळीचे नाव घालावे, आणि बैठक उठण्यापूर्वी पहिल्या आठवड्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात. गाव करील ते राव काय करील!