तुये: शिडी न चढलेले गाव

शाळेच्या भूगोलात व्यवसायांची शिडी असते. खाली शेती-मासेमारीसारखे प्राथमिक, वर माल घडवणारे द्वितीयक, त्यावर सेवांचे तृतीयक. न्यूझीलंडच्या ॲलन फिशर यांनी 1935 मध्ये ही मांडणी केली आणि 1940 मध्ये कॉलिन क्लार्क यांनी तिला आकड्यांचे बळ दिले. देश श्रीमंत होतो तशी माणसे शेतातून कारखान्यात आणि तिथून कचेरीत जातात, असा हिशेब. गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या तुयेचा पोर्तुगीजांपासून मुक्तीनंतरचा प्रवास मात्र या हिशेबात बसत नाही.

1788 मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे आलेल्या पेडण्यात कोण काय काम करणार, हे जमिनीवरून ठरे. जमीनदार भाटकाराची जमीन, कसणाऱ्या कुळाचा घाम, त्याच जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराची झोपडी. शापोरा नदीकाठी भरतीचे पाणी बांधाने अडवून केलेली खाजन शेती, मिठागरे आणि मासे. वर डोंगरात काजू. उन्हाळ्यात भट्टी पेटली की शेतकरीच काजूची दारू, हुर्राक, गाळणारा होई. त्याला प्राथमिक म्हणायचे की द्वितीयक? काजूचे बोंड तुडवणाऱ्याला असा प्रश्न कधी पडला नाही.

खरा बदल कारखान्याने नव्हे, कायद्याने आणला. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा, 1976 ची कूळ कायद्यातली पाचवी दुरुस्ती. जमीन कसणाऱ्याची होण्याची वाट कागदावर खुली झाली. मामलेदाराच्या कचेरीतल्या तारखा मात्र पिढ्यांना पुरल्या. तोवर मुले शिकली आणि सरकारी नोकरीकडे पाहू लागली. गोव्यात तिच्याइतका मान अजून कुठल्याच धंद्याला नाही, आणि त्यामागे आळस आहे असे मला वाटत नाही. ज्यांच्या आजोबांची चूल भाटकाराच्या मर्जीवर पेटत होती, त्यांना पहिल्या तारखेचा पगार मोलाचा वाटणारच.

शेजारच्या डिचोली तालुक्याने वेगळी वाट धरली. 1950 च्या दशकात जपानी पोलादासाठी लोहखनिज निघू लागले, पुढे चीनने मागणी अफाट वाढवली. ट्रक, बार्जी, गॅरेज, खानावळी, सगळे मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या त्या लाल मातीवर उभे. दूरच्या भट्टीतली आच कमी-जास्त झाली की डिचोलीतल्या ट्रकचा हप्ता हले. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, नंतर काही सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. ज्याने शेती मोडून ट्रक घेतला तो सर्वांत आधी उघडा पडला.

पेडण्याला खाणीचा पैसा नव्हता. मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटन आले. तुयेत औद्योगिक वसाहत उभी राहिली, मग इलेक्ट्रॉनिक सिटीच्या घोषणा झाल्या. घोषणांच्या मानाने रोजगाराची चाल संथच राहिली. शिडीची मधली पायरी इथे अरुंदच. डिसेंबर 2022 मध्ये तालुक्यातल्याच मोपाच्या पठारावरच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. जमीन गेलेल्यांना काम हवे होते, स्थानिक टॅक्सीवाल्यांना हक्काचा काउंटर. दोन्हींसाठी आंदोलने झाली.

आज एकाच घरात आई रब्बीच्या वायंगणी भातात, बाबा टॅक्सीवर, मुलगी दवाखान्यात, मुलगा कारखान्यात पाळीवर, आणि एप्रिल-मेमध्ये सगळे काजू गोळा करायला, हे इथे नवलाचे नाही. शिडी चढण्याऐवजी घराने सगळ्या पायऱ्यांवर एकेक माणूस उभा केला आहे. कारखाना बंद पडला, पर्यटक रोडावले, तरी भात असते. कोविडच्या टाळेबंदीत ही जुळणी किती घरांच्या कामी आली, हे गावाला सांगावे लागत नाही.

सरकारी मोजणीत मात्र ही जुळणी दिसत नाही. 2011 च्या जनगणनेत कामगारांचे चार रकाने होते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. त्यात टॅक्सीवाला, परिचारिका, कारखान्यातला मुलगा, सगळे 'इतर'. आणि वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेला, काजूच्या हंगामापुरता राबणारा माणूस 'सीमांत' कामगार.