घरातील वृद्धसेवेचा बंदोबस्त

आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो तो १९४९ सालापर्यंत अस्तित्वातच नव्हता. जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख एकत्र करून त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ नावाचा जिल्हा करण्यात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. दफ्तरे वेगळी झाली, कचेऱ्या वेगळ्या झाल्या, परंतु घरांची घडण मात्र दोन्हीकडे बहुतांशी एकच राहिली. पाटण, जावळी, वाई या बाजूची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि धक्क्यांवर राबायला गेली, माथाडी कामगारांची संघटना उभी करणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातलेच. विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभरच्या सराफी पेठांत पांगले. आणि साताऱ्यातील अपशिंग्यासारख्या गावांत तर पलटणीत भरती होणे हा घरोघरचा शिरस्ताच ठरून गेला. कर्ता पुरुष परगावी आणि म्हातारी माणसे गावी, ही स्थिती या प्रदेशाला मुळीच नवी नाही.

नवी गोष्ट आहे ती निराळीच. पूर्वी मुलगा जात असे, पण सून मागे राहत असे. सासूचे पथ्यपाणी, सासऱ्याची औषधे, अंथरुणाला खिळलेल्या आजेसासूची आंघोळ हे सारे तिच्या अंगावर बिनबोभाट पडे, आणि ते काम कोणत्याही जमाखर्चात कधी मांडले गेले नाही. आता सूनही पुण्याला नोकरी करते किंवा नवऱ्याबरोबर कोइमतूरच्या पेढीवर राहते, आणि तसे तिने करू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेव्हा ‘हल्लीची मुले आईबापांना विचारीत नाहीत’ हा जो सुस्कारा पारावर ऐकू येतो, तो मला अर्धवट वाटतो. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर दहा माणसांत जवळजवळ एक साठीच्या पुढचे होते. माणसे अधिक जगू लागली, आणि त्यांना सांभाळणारे फुकटचे हात घराबाहेर पडले. त्या हातांची जागा घेण्यासाठी सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या शहरांत ‘नर्सेस ब्युरो’, ‘पेशंट केअर’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत.

या पाट्यांपैकी कोणती निवडावी, असे लोक विचारतात. त्याच्या आधी विचारण्याजोगा प्रश्न असा की, आपल्याला नेमके कोण हवे आहे. बोलण्यात आपण सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणून मोकळे होतो, परंतु ए.एन.एम.चा दोन वर्षांचा किंवा जी.एन.एम.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली परिचारिका निराळी, रुग्णसेवेचे काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली मदतनीस निराळी, आणि दहा घरी काम करून अनुभवाने शहाणी झालेली ‘मावशी’ निराळी. नाकातील नळी बदलणे, लघवीची नळी घालणे, शिरेतून इंजेक्शन देणे ही कामे पहिलीचीच. आंघोळ, कपडे, भरवणे, चालवणे, कूस बदलणे ही कामे मात्र चांगली मावशी कित्येकदा सिस्टरपेक्षा सरस करते. ज्या घरी आजोबा हिंडतेफिरते आहेत आणि केवळ गोळ्या विसरतात, त्या घरी चोवीस तासांची परिचारिका ठेवणे हा निव्वळ अपव्यय. आणि जिथे पक्षाघाताने एक अंग लुळे पडून नळीने अन्न द्यावे लागते, तिथे स्वयंपाकाच्याच बाईला दोन हजार वाढवून देऊन भागवणे हा त्याहून मोठा तोटा, कारण तो पुढे इस्पितळात भरावा लागतो. म्हणून ब्युरोकडे जाण्यापूर्वी पहाटेपासून पहाटेपर्यंतचा दिनक्रम एका कागदावर उतरवावा, आणि कोणत्या घटकेला कोणाच्या हाताची गरज आहे ते त्यासमोर लिहावे. रात्रीची लघवी, हा त्या कागदावरचा सर्वांत महत्त्वाचा रकाना असतो, असे बहुतेक घरांना नंतर कळते.

शिकलेल्या परिचारिकांचा या भागाला तुटवडा नसावा, इतकी जुनी परंपरा खरे तर येथे आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला रुग्णालय उघडले ते १८९४ साली, आणि त्या रुग्णालयाच्या छायेत येथे परिचारिका घडत आल्या. कऱ्हाडला कृष्णा रुग्णालयाभोवती नर्सिंगचे शिक्षण उभे राहिले. पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून ज्यांनी मध्यमवर्गीय स्त्रियांना, त्यांत कित्येक विधवांना, रुग्णपरिचर्येसारख्या त्या काळी हलक्या मानल्या गेलेल्या विद्येकडे वळवले, त्या रमाबाई रानडे मूळच्या देवराष्ट्रे गावच्या, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातल्याच. इतके असूनही शिकलेल्या मुली मोठ्या शहरांतील इस्पितळांत आणि परदेशी जातात, आणि त्यांना तसे करण्याचा हक्कही आहे. घरी येते ती बहुधा मावशीच. आणि ती आली की पुष्कळ घरांतून पहिला प्रश्न निघतो तो तिच्या जातीचा. सोवळ्याओवळ्यात आयुष्य गेलेल्या आजीने तो विचारला तर तिची समजूत घालता येईल, पण फोनवरून मुलगाच ब्युरोला तसे बजावतो, तेव्हा रमाबाईंच्या काळापासून आपण किती पावले चाललो याचा हिशेब करावासा वाटतो. ज्या ब्युरोचा चालक या प्रश्नाला सभ्यपणे बगल देऊन बाईचा अनुभव सांगू लागतो, त्याच्याविषयी माझे मत तरी चांगले होते.

ब्युरोच्या भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र पाहून निर्धास्त होणारे पुष्कळ भेटतात. ते बहुधा दुकाने व आस्थापना कायद्याखालचे असते, ज्याला अजून लोक गुमास्ता परवानाच म्हणतात. २०१७ च्या कायद्याप्रमाणे थोडेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेने नुसती सूचना दिली तरी पुरते. तिथे कोणी येऊन मावशीला ताप मोजता येतो की नाही हे तपासीत नाही. शुश्रूषागृहांसाठी १९४९ चा नोंदणी कायदा आहे खरा, परंतु तुमच्या घरातील खोली ही काही शुश्रूषागृह नव्हे. सारांश, सरकारी शिक्क्यावर विसंबून चालत नाही आणि पारख आपणच करावी लागते. बाईच्या ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणीचा दाखला मागावा. त्याच गावात ज्यांच्या घरी ब्युरोने माणूस दिला होता अशा दोघातिघांशी स्वतः बोलावे. आणि बाई अचानक आली नाही तर किती तासांत, कोण, कोठून येईल, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नावर बहुतेकांची गाळण उडते. पुण्या-मुंबईच्या कंपनीचे संकेतस्थळ कितीही देखणे असले तरी तिचा एकही माणूस कोरेगावात किंवा तासगावात राहत नसेल, तर दिवाळीतल्या पाडव्याला तिचा उपयोग शून्य. तुम्ही दिलेल्या रकमेपैकी बाईच्या हाती किती पडते, हेही विचारावे. अर्ध्याहून अधिक कमिशन जिथे कापले जाते तिथे बाई टिकत नाही, आणि दर महिन्याला नवा चेहरा पाहून स्मृतिभ्रंश झालेले माणूस अधिकच बावरते.

खरी परीक्षा मात्र ब्युरोच्या दफ्तरात होत नाही, ती पलंगाशी होते. मिरजेच्या किंवा कऱ्हाडच्या इस्पितळातून रुग्णाला घरी आणायचे असेल तर ठरवलेल्या मावशीला आधीचे दोन दिवस वॉर्डातच बोलवावे आणि तेथील सिस्टरांकडून तिला सर्व काही दाखवून घ्यावे. त्या वेळी आपण बाजूला उभे राहून पाहावे. अंगाला हात लावण्यापूर्वी ती ‘आजी, आता डाव्या कुशीवर वळायचं हं’ असे सांगते का? वर सरकवताना काखेत हात घालून ओढते, की अंगाखालच्या दुमडलेल्या चादरीला दोघींनी धरून उचलते? ओढले की माकडहाडावरची पातळ कातडी आतल्या आत फाटते आणि शय्याव्रणाचा आरंभ तिथूनच होतो. जाणती मावशी सुमारे दर दोन तासांनी कूस बदलते, आणि बदलताना माकडहाड, खुबे व टाचा पाहून घेते. लालसर डाग दिसला तर तो बोटाने दाबते, आणि दाबूनही तो फिकट होत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून ती हाताचा पालथा पंजा लावून ती जागा भोवतालापेक्षा उष्ण किंवा टणक लागते का, ते चाचपते. भरवताना पाठीशी उशा देऊन बसवते, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवे होऊ देत नाही, कारण आडव्या घशातून उतरलेली पेज फुप्फुसात जाते. एवढे ज्या बाईला येते तिला लिहितावाचता कमी येत असेल तरी चालेल. औषधांच्या वेळा, लघवी, शौच आणि पाणी यांच्या नोंदीसाठी शेजारच्या मुलाकडून वहीत रकाने आखून घेता येतात.

येथे भाषेचाही एक मुद्दा आहे, जो ब्युरोवाले सहसा काढीत नाहीत. जत तालुक्याच्या पूर्वभागातील कित्येक घरांची बोली कन्नड. आयुष्यभर बाजारात आणि कचेरीत उत्तम मराठी बोललेली तिथली आजी स्मृतिभ्रंशात मराठी हळूहळू विसरते आणि पाणी मागते ते कन्नडमध्ये. तिच्याजवळ साताऱ्याची कितीही मायाळू मावशी ठेवली तरी ती बिचारी पाण्याऐवजी चादर आणून देणार. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याला किंवा तिला शुद्ध आहे तोवर विचारले पाहिजे, हेही आपण विसरतो. कोणाच्या हातून आंघोळ करून घ्यावी, हे ठरवण्याचा अधिकार ऐंशीव्या वर्षीही माणसाचाच असतो.

परगावी राहणाऱ्या मुलांना अलीकडे कॅमेऱ्याचा मोठा आधार वाटतो. बाईला सांगून, आणि आंघोळीची व कपडे बदलण्याची जागा वगळून, तो लावायला हरकत नाही. परंतु कॅमेऱ्याला वास येत नाही, आणि ओले लंगोट बदलले की नाही हे नाकालाच आधी कळते. काम पैशाने करवून घेता येते, पण त्या कामावर रोज नजर ठेवणारे माणूस पायी चालत येण्याच्या अंतरावर असावे लागते: सेवानिवृत्त गुरुजी, शेजारच्या काकू, आत्येभाऊ, कोणीही. त्याला नुसते ‘जरा लक्ष ठेवा’ असे सांगून भागत नाही. घराची किल्ली, डॉक्टरांचा क्रमांक, हाताशी थोडी रक्कम आणि गरज पडल्यास बाई बदलण्याची मुखत्यारी त्याच्याकडे लेखी द्यावी, आणि तसे ब्युरोलाही कळवावे. भावकीतला माणूस नेमताना त्याच्याशी बांधावरून वाद नाही ना, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे. हे वाचून ज्यांना हसू आले ते बहुधा शहरात वाढलेले असतील.

पावसाळ्याची तजवीज वेगळी. पाटण-महाबळेश्वरकडे वीज तासन्‌तास जाते, आणि हवेची गादी व प्राणवायूचे यंत्र दोन्ही विजेवर चालतात. तिथे इन्व्हर्टर किंवा भरलेला सिलिंडर नसेल तर बाईचे सारे कौशल्य व्यर्थ. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वेळी कृष्णामाईने जे दाखवले ते गावभागातील लोकांना सांगायला नको. आयर्विन पुलाशी चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. अंथरुणावरच्या माणसाला नेण्याची वेळ इशाऱ्याचीच समजावी, धोक्याची नव्हे, कारण गुडघाभर पाण्यातून चालता माणूस निघतो, पलंग निघत नाही. बाई स्वतःच पुराच्या पट्ट्यात राहत असेल तर त्या रात्री ती आधी आपल्या मुलांकडे धावेल, आणि तिने तसेच करावे; तेव्हा त्या दिवसांसाठी दुसरे नाव हाताशी हवे.

पैशाच्या बाबतीत एकदोन गोष्टी. घरच्या मदतनिसाचा पगार आरोग्यविमा सहसा देत नाही, आणि सत्तरीपुढील वृद्धांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्डही इस्पितळातील उपचारांपुरतेच आहे. मुले समर्थ असून खर्च देत नसतील तर २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन बक्षीस दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवून घेता येते. म्हणून ती अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तो क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये नव्हे, आजोबांच्या उशाशी हवा. त्यांचे एटीएम कार्ड आणि दागिने मात्र उशाशी नकोत. यात बाईवर अविश्वास नाही, उद्या काही हरवले तर संशयापासून तिचेही रक्षण आहे.

राहता राहिली ती मावशीच. ‘चोवीस तासांची बाई’ असे आपण सहज म्हणतो, पण चोवीस तास जागे राहणारे माणूस जगात नाही. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला दुपारी सलग तीनचार तास झोप मिळायलाच हवी, नाहीतर चौथ्या रात्री ती उठत नाही आणि आजोबा एकटेच पलंगावरून उतरतात. तिच्या निजण्याची जागा, घरच्यांच्याच ताटातले जेवण, पगाराची तारीख आणि तो तिच्या खात्यात थेट जमा होण्याची व्यवस्था, काम सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी द्यावयाची मुदत, हे सारे करारनाम्यात येऊ द्यावे. साप्ताहिक सुटीचा वार त्यातच लिहावा, आणि त्या वारी तिच्या जागी येणाऱ्या दुसऱ्या बाईचे नावही.