घरची बोली बंद करू नका

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक भगिनी आमच्याजवळ आल्या. मुलगा इंग्रजी शाळेत बालवर्गात. चार महिने झाले तरी वर्गात तोंड उघडत नाही. शाळेतून सांगणे आले, ‘घरी मराठी बंद करा.’ आईला इंग्रजी येत नाही. म्हणून तिने मुलाशी बोलणेच कमी केले. ‘दादा, माझंच काही चुकतंय का?’ असे विचारताना तिचे डोळे भरून आले.

हा प्रश्न आज घरोघरी आहे. म्हणून मूल भाषा कसे शिकते, ते समजून घेऊ.

पहिली भाषा

दोन-तीन महिन्यांचे मूल हुंकार देते. सहा-सात महिन्यांचे झाले की ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू होते. वर्षाच्या सुमारास पहिला शब्द येतो. दीड-दोन वर्षांत ‘आई पाणी’ अशी जोडी जमते आणि तीन-चार वर्षांचे मूल गोष्ट सांगू लागते. थोडे मागेपुढे होतेच.

अमेरिकेतील स्किनर यांनी १९५७ साली मांडले की, मूल अनुकरणाने आणि शाबासकीने बोलायला शिकते. १९५९ साली नोम चॉम्स्की यांनी हे मत खोडून काढले. भाषेचे नियम शोधण्याची शक्ती मूल जन्मतःच घेऊन येते, असे ते म्हणाले. आपल्याच घरातले उदाहरण पाहा. मूल म्हणते, ‘मी करलं.’ घरात असे कोणीच बोलत नाही. ‘बसलं’, ‘पडलं’ ऐकून त्याने स्वतःच नियम बांधला! मात्र या शक्तीला रोजच्या बोलण्याचे खतपाणी लागते. ते पहिल्यांदा मिळते आईकडून, आजीकडून, शेजारपाजारातून.

दुसरी भाषा

नव्या भाषेत पडलेले मूल बरेचदा काही महिने गप्प राहते, पण त्या काळात ते ऐकत आणि साठवत असते. नंतर एकेक शब्द, मग तुटकी वाक्ये, मग चुकतमाकत बोलणे. अमेरिकेतील स्टीफन क्रॅशेन सांगतात की, समजेल असे ऐकायला मिळाले आणि मनात भीती नसली की भाषा येते. हसण्याने, ओरडण्याने ती अडते.

कॅनडातील जिम कमिन्स यांनी परदेशातून आलेल्या मुलांचा अभ्यास केला. दुसऱ्या भाषेत गप्पा मारणे साधारण दोन वर्षांत जमते. अभ्यासाची भाषा पक्की व्हायला मात्र पाच ते सात वर्षे लागतात. शिवाय घरच्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेतही कामी येते. म्हणजे घरची भाषा तोडली तर इंग्रजीचाच पाया कच्चा राहतो.

‘व्हतं’, ‘पानी’ म्हणणाऱ्या आपल्या लेकरांना वर्गात हसतात. पण बोलीलाही व्याकरण असते. तथागतांची वचने छंदस् भाषेत बांधावीत, असे दोन भिक्खूंनी सुचवले, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मुभा दिली, असे विनयपिटकात आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वकष्टाने संस्कृत मिळवले. इंग्रजीत जगन्मान्य ग्रंथ लिहिणाऱ्या याच महामानवाने १९२० साली ‘मूकनायक’ काढला, तो मराठीत.

पालकांनी काय करावे?

मुलाशी आपल्या भाषेत भरपूर बोलावे, गोष्टी सांगाव्यात. ‘आज वर्गात काय शिकवलं?’ हे मराठीतच विचारावे. चुकले तर टोकू नये. बरोबर वाक्य आपण सहज म्हणावे. इंग्रजीची चित्रांची पुस्तके रोज थोडा वेळ हाताळू द्यावीत. मूल घरीही बोलत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, तर कान तपासून घ्यावेत.

इंग्रजी आपल्या मुलांना आलीच पाहिजे, यात दुमत नाही. पण त्यासाठी आईने मुकी होण्याची गरज नाही. त्या भगिनीला आम्ही एवढेच सांगितले, ‘ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. आज रात्री लेकराला जवळ घ्या आणि भीमाची गोष्ट सांगा, तुमच्याच बोलीत.’

जयभीम!