जर्मनटाऊनचा अर्ज

गावाचा इतिहास म्हटला की आम्हांला वेस, वाडा नि देऊळ आठवते. आज मात्र आम्ही ज्या गावाविषयी सांगणार आहो, त्याची खरी मिरास एक कागद आहे.

हे गाव जर्मनटाऊन. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ते १८५४ मध्ये सामील झाले. त्यापूर्वी स्वतंत्र होते. १६८३ च्या ऑक्टोबरात क्रेफेल्डहून तेरा कुटुंबे ‘कॉन्कॉर्ड’ जहाजाने आली, त्यांनी ते वसविले. (त्यांतील बरीच मंडळी डच बोलत, नाव मात्र जर्मनांचे पडले.) फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हा विद्वान वकील त्यांचा पुढारी. बहुतेक विणकर. गावाच्या शिक्क्यावर द्राक्षवेल, जवस आणि विणकाम यांच्या खुणा होत्या. धर्ममतापायी मायदेशी छळ सोसलेली ही माणसे क्वेकर पंथाच्या विल्यम पेनने वसविलेल्या मुलखात निर्वेधपणे राहू लागली.

पण येथे त्यांनी काय पाहिले? त्यांचेच पंथबंधू, शांततेचे उपासक म्हणविणारे क्वेकर, गुलाम बाळगीत होते! १६८८ मध्ये पास्टोरियससह चौघांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक अर्ज लिहून पंथाच्या सभेपुढे ठेवला. युक्तिवाद साधा होता. आपल्याला कोणी असे विकलेले आपल्याला चालेल काय? युरोपात माणसे श्रद्धेपायी छळली जातात, येथे कातडीच्या रंगापायी. मग फरक तो कोणता? आणि या गुलामांनी स्वातंत्र्यासाठी हत्यार उचलले, तर शांततावादी मालक त्यांच्यावर तलवार धरणार काय?

मासिक सभेने विषय फार जड म्हणून अर्ज त्रैमासिक सभेकडे धाडला, तिने वार्षिक सभेकडे, आणि तिने तो बाजूला ठेवला. ‘योग्य कार्यवाहीसाठी वर सादर’ हा शेरा आपल्याच कचेऱ्यांची मिरास आहे, असा आमचा समज होता. तो दूर झाला. अर्ज कोणी खोडून काढला नाही. खोडून काढण्याजोगे त्यात काही नव्हतेच, असे आम्हांला वाटते.

फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्याची बंदी केली ती १७७६ मध्ये, म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. तोवर अर्ज लिहिणारे कधीच निवर्तले होते. मूळ कागद १८४४ मध्ये सापडला, पुन्हा हरवला, आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियातील क्वेकर सभागृहाच्या तिजोरीखोलीत हाती लागला. कडा फाटलेल्या, शाई फिकटलेली. पण चौघांच्या सह्या शाबूत.