पंख्याला जागा द्या

जुन्या फियाटमधला डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवणं यात आता नवल राहिलेलं नाही. ज्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची 1100 डिलाइट आहे आणि जे ती रविवारपुरती का होईना रस्त्यावर काढतात, त्यांच्यातल्या अनेकांनी हा बदल कधीच उरकून घेतलाय. डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलला उभं राहिलं की डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणायला लागतो, हेडलाइट पिवळे पडतात, आणि पावसाळी संध्याकाळी वायपर लावावा की दिवे, असा प्रश्न पडतो. पूर्ण वेगातही त्या काळच्या छोट्या गाडीचा डायनॅमो 20-25 अँपिअरच्या आसपासच थांबायचा. अल्टरनेटर गाडी उभी असतानाही बॅटरी भरत राहतो.

आमच्या पद्मिनीत तो बसला आणि चार्जिंग झकास झालं, पण सोबत एक आवाजही आला. आयडलिंगला काही नाही. जरा रेस दिली की बॉनेटखालून पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी खरखर, आणि इंजिनाचा वेग वाढेल तशी ती चढत जायची. अल्टरनेटर बसवून देणाऱ्या दुकानात उत्तर मिळालं, "नवीन आहे, रुळेल." बेल्ट नवा असला तर दोन दिवस चिरकतो, हे खरं. पण लोखंडाची खरखर रुळत नसते, झिजत असते.

म्हणून गाडी आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे नेली. पुण्यात फियाटला हात लावणारे जे मोजके लोक उरलेत त्यांतले हे एक. त्यांनी आल्या आल्या अल्टरनेटरकडे पाहिलंच नाही. आधी इंजिनाचा मोठा पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटं घालून अंतर बघितलं. या गाड्यांच्या इंजिनाखालची रबरं दबतात, इंजिन बसतं, आणि पुढचा पंखा रेडिएटरला लागतो. नवीन काही बसवल्यावर आवाज आला म्हणजे दोष नव्याचाच, असं धरून चालणाऱ्यांची इथे फसगत होते. अंतर ठीक होतं. मग त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक वॉटर पंपाच्या अंगावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि पोराला रेस द्यायला सांगितली. मान हलली : नाही. टोक अल्टरनेटरच्या पुढच्या तोंडाशी गेलं तशी भुवई वर चढली.

बेल्ट उतरवून क्षणभर इंजिन चालवलं. आवाज गायब. ही चाचणी क्षणभराचीच करायची, कारण त्याच बेल्टवर वॉटर पंपही फिरतो आणि बेल्टाविना पाणी खेळत नाही. मग पुली हातानं सावकाश फिरवली. हाताला काहीच लागेना. मेस्त्रींनी खिशातला पांढरा मार्कर काढला, अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियमच्या तोंडावरच्या उंचवट्यांवर रेघा ओढल्या, बेल्ट चढवला, रेस दिली, बंद केलं. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर रेघा सगळीकडून सारख्याच खरवडलेल्या.

यात बरंच काही कळतं. अल्टरनेटरला पुलीमागे स्वतःचा एक छोटा पंखा असतो, आणि घासत होता तो. त्याचं एखादं पातं वाकलेलं असतं तर आवाज फेऱ्यागणिक एकदा, ठेक्यात आला असता. बेरिंग सैल असतं तर शाफ्ट हातानं ओढताना पुढेमागे हलला असता. तोही ताठ होता. गोल सगळीकडे सारखं घासतंय म्हणजे पंखा सरळ आहे, फक्त जागेवर नाही. मागे सरकलाय. आयडलिंगला फट केसाएवढी का होईना राहते. पण क्रँकच्या पुलीपेक्षा अल्टरनेटरची पुली लहान, त्यामुळे तो इंजिनाच्या साधारण दुप्पट वेगानं फिरतो. इंजिन 3000 वर असलं की पंखा 6000 वर. त्या वेगात पातळ पत्र्याची ती थाळी इतकीशी लवली की संपलं.

हा पंखा तिथे का असतो, हेही सांगायला हवं, कारण "काढूनच टाका की," असं सुचवणारे सल्लागार आमच्या सोसायटीतच निघाले. अल्टरनेटर आधी एसी वीज तयार करतो आणि मागच्या बाजूला बसवलेले डायोड तिची डीसी करतात. डायोडला उष्णता सोसत नाही. पुढचा पंखा मागच्या जाळीतून हवा आत ओढतो, ती डायोडांवरून आणि तांब्याच्या गुंडाळ्यांवरून जाते आणि पुढून बाहेर पडते. पंखा काढला तर थोडे दिवस काहीच होणार नाही, आणि मग उन्हाळ्यात, दिवे लावून घाट चढताना, एखादा डायोड राम म्हणेल.

मेस्त्रींनी अल्टरनेटर खाली उतरवला, पुलीचा नट सोडला आणि शाफ्टवरचे भाग फडक्यावर क्रमानं मांडले : नट, स्प्रिंग वायसर, पुली, पंखा. आणि मग थेट बेरिंग. मांडणी बघून ते "हं" म्हणाले. पंखा आणि बेरिंग यांच्यामध्ये लोखंडाची एक जाड चकती, स्पेसर, असायला हवी. ती नव्हती.

ती कारखान्यातून आली नसेल, असं मला वाटलं. मेस्त्रींचं मत वेगळं होतं. त्यांनी पट्टी क्रँकच्या पुलीला टेकवून दाखवली. हा अल्टरनेटर मुळात फियाटसाठी घडवलेला नाही. जुन्या ब्रॅकेटवर तो बसवला की त्याची पुली दोन-तीन मिलिमीटर पुढे येते. बेल्ट तिरका चालला तर कडा खातो आणि उडतो. बसवणाऱ्यानं तो तिरकेपणा ओळखला, हे मान्य करायला हवं. पण घालवला कसा, तर स्पेसर काढून. पुली मागे गेली, बेल्टाची रेघ सरळ झाली, आणि पुलीबरोबर पंखाही मागे जाऊन अल्टरनेटरच्या अंगाला भिडला. शाफ्टवर हे सगळं एकाच दोऱ्यात ओवल्यासारखं असतं, एकाला सरकवून दुसऱ्याला जागच्या जागी ठेवता येत नाही.

"पाती ठोकून पुढे वाकवतो म्हणाल तर दहा मिनिटांत आवाज बंद," मेस्त्री म्हणाले. "पुढच्या महिन्यात पातं तुटून रेडिएटरात घुसलं की शिव्या मला." पाती वाकवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पंख्याचा तोल जातो, वाकवलेल्या जागी पत्रा थकतो आणि चीर धरतो.

आता चकती कुठून आणायची? मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावर होत्या तोवर फियाटचा कुठलाही तुकडा कुठे ना कुठे मिळायचा. कुर्ल्यातच जन्मलेली ही गाडी, आणि भंगारातले तिचे अवयवही कुर्ल्याच्या बाजारात सापडत. 30 ऑक्टोबर 2023 नंतर ती टॅक्सी मुंबईत अधिकृतपणे उरली नाही. आता अशा कामांत लेथवाल्याचाच आधार. शिवाय फियाटचा तुकडा या परक्या अल्टरनेटरला चालेलच असंही नाही.

नाना पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात मला सोपा उपाय दिसला होता. 16 मिलिमीटरच्या बोल्टचा साधा वायसर : भोक 17, जाडी 3. शाफ्टही 17 चाच. बेरिंगवर 6203 असा आकडा कोरलेला असतो आणि त्यातल्या शेवटच्या 03 चा अर्थच आतलं भोक 17 मिलिमीटर. मी वायसर पुढे केला. मेस्त्रींनी तो बेरिंगवर नुसता ठेवून दाखवला. बाहेरून तो 30 मिलिमीटर भरतो. बेरिंगची आतली कडी तेवढी मोठी नसते. वायसर तिच्याबाहेर जाऊन न फिरणाऱ्या झाकणावर आला होता. नट आवळला असता तर एक घासणं जाऊन दुसरं सुरू झालं असतं, तेही आत, दिसणार नाही अशा ठिकाणी. चकतीनं टेकायचं ते फक्त आतल्या, फिरणाऱ्या कडीवर. शिवाय ठोकून काढलेले वायसर पूर्ण सपाट नसतात. चकतीची दोन तोंडं समांतर नसली तर पंखा डुलत फिरतो.

कोपऱ्यावरच्या टर्नरनं लोखंडी सळईतून चकती काढून दिली : आतून 17, बाहेरून 23, जाडी 3. मेस्त्रींनी व्हर्निअर तीन ठिकाणी लावला, मग काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही तोंडांवर हलका हात फिरवला. चकती, पंखा, पुली, स्प्रिंग वायसर, नट. पंख्याच्या मागे आता टॉर्चचा उजेड आरपार दिसत होता.

राहिला बेल्टचा तिरकेपणा. तो अर्थातच परत आला होता. आता पुलीला हात न लावता अख्खा अल्टरनेटरच तेवढा मागे घ्यायचा. ब्रॅकेटचा पुढचा कान आणि अल्टरनेटरचा पुढचा कान यांच्यात वायसर घातले, मागच्या बाजूचे काढले. मागच्या कानात एक सरकता बुश होता, तो अलगद ठोकून फटीपुरता हलवला. हे न करता लांब बोल्ट नुसता आवळला तर फट मिटते खरी, पण ॲल्युमिनियमचा कान वाकत नाही, तुटतो. वरच्या ताणपट्टीलाही तेवढीच जाडी द्यावी लागली, नाहीतर खाली सरळ बसलेला अल्टरनेटर वर पिळला जातो. पट्टी पुन्हा दोन्ही पुल्यांवर आडवी ठेवली. मध्ये उजेड दिसेना, तेव्हा मेस्त्रींनी पाना बदलला.

बेल्ट अंगठ्यानं दाबून साधारण अर्धा इंच लवेल इतका ताणला. त्याहून जास्त ताणणारे पुष्कळ असतात. त्याचा भार नव्या अल्टरनेटरच्या आणि जुन्या वॉटर पंपाच्या बेरिंगवर येतो. गाडी चालू केली, रेस दिली, खरखर गेली होती. मीटरवर 14.1 व्होल्ट. हेडलाइट आणि हॉर्न एकदम लावले तेव्हा 13.8 झाले.

लाल दिवा मात्र मेस्त्रींनी मुद्दाम पेटवून बघितला. या जोडणीत तो दिवा नुसता इशाऱ्याचा नाही. चावी फिरवली की त्याच्यातूनच थोडी वीज अल्टरनेटरला पोचते आणि त्याचं चुंबकत्व जागं होतं. बल्ब उडाला तर चार्जिंग वेळेवर सुरू होईलच याची खात्री नाही. त्यांनी एक जादा बल्ब ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकला, बिलात लावला, आणि नवा बेल्ट चार-पाचशे किलोमीटरला सैल पडतो तेव्हा परत आणा, ताण बघताना पुलीचा नटही बघू, म्हणाले.